पडद्यावरची मराठी का बिघडते?

काल त्या संगणकावर नीट दिसणारी मराठी फाइल आज या संगणकावर उघडली, तर अक्षरांच्या जागी चौकोन का दिसतात? यादीतल्या नावांची प्रश्नचिन्हे का होतात? मराठीत लिहिलेला अर्ज उघडला तर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन मजकूर का निघतो? गावातले सेवा केंद्र, शाळेचे कार्यालय, लग्नपत्रिका छापणारे दुकान, सगळीकडे हे प्रश्न विचारले जातात आणि बहुतेक वेळा उत्तर एकच मिळते: ‘फॉन्ट टाका.’ या सल्ल्याने कधी काम होते आणि कधी काहीच फरक पडत नाही. गोंधळलेला मजकूर तसाच पुन्हा सेव्ह झाला, तर फाइल कायमची हातची जाते.

पडद्यावरचा गोंधळ एकाच प्रकारचा नसतो. चौकोन, प्रश्नचिन्हे, रोमन खुणांची रांग, सुटलेल्या वेलांट्या ही प्रत्येक वेगळ्या बिघाडाची लक्षणे आहेत. लक्षण नीट ओळखले की कारण सापडते, आणि कारण सापडले की उपाय बहुधा पाच मिनिटांचा असतो. म्हणून आधी निदान करावे, नंतर दुरुस्ती. निदान होईपर्यंत फाइल सेव्ह करू नये आणि जे काही करून पाहायचे ते फाइलच्या प्रतीवर करावे.

या प्रकरणात उदाहरणासाठी प्रामुख्याने एकच नाव वापरले आहे: शिरड शहापूर. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातले हे गाव मल्लिनाथ दिगंबर जैन मंदिरासाठी ओळखले जाते. त्याच्या नावात पहिली वेलांटी, काना, दुसरा उकार आणि दोनदा ‘श’ आहे. ‘मल्लिनाथ’ या शब्दात जोडाक्षरही आहे. फॉन्टच्या बहुतेक दुखण्यांची परीक्षा या दोन नावांवर घेता येते.

१. संगणकात अक्षर कसे साठते

संगणकाला अक्षराचा आकार ठाऊक नसतो. तो फक्त आकडे साठवतो. कोणत्या आकड्याने कोणते अक्षर समजायचे हे आधी ठरवून ठेवावे लागते. त्या ठरलेल्या आकड्याला येथे संकेतांक म्हटले आहे. जगातल्या बहुतेक सर्व लिप्यांसाठी असा एकच सामाईक तक्ता म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा एक सलग पट्टा आहे. या पट्ट्याची मांडणी भारतीय लिप्यांसाठी आपल्याकडे आधीच तयार झालेल्या इस्की या मानकावरून घेतली आहे.

हे संकेतांक सोळाच्या पटीत मोजतात, म्हणून त्यांत अंकांबरोबर ए ते एफ ही अक्षरेही येतात. ‘शिरड’ हा शब्द संगणकात असा साठतो: श म्हणजे ०९३६, पहिली वेलांटी ०९३एफ, र ०९३०, ड ०९२१. वेलांटी दिसते ‘श’च्या आधी, पण साठते ‘श’च्या नंतर, कारण युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो, दिसण्याचा नसतो. पुढच्या अर्ध्या अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

फॉन्ट म्हणजे आकारांचा संग्रह. ०९३६ हा आकडा आला की कोणता आकार काढायचा, हे फॉन्ट सांगतो. रोमन लिपीत येथे काम जवळजवळ संपते. देवनागरीत आणखी एक टप्पा असतो, आणि तो म्हणजे रचना. वेलांटी उचलून आधी बसवणे, पाय मोडलेला ‘ल’ पुढच्या ‘ल’ला जोडणे, रफार डोक्यावर चढवणे ही कामे संगणकप्रणालीतला रचनेचा भाग आणि फॉन्ट मिळून करतात.

म्हणजे पडद्यावर ‘शिरड शहापूर’ नीट उमटण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. साठवलेले आकडे बरोबर तक्त्याने वाचले गेले पाहिजेत, फॉन्टमध्ये त्या आकड्यांचे आकार असले पाहिजेत, आणि त्या आकारांची रचना झाली पाहिजे. चूक या तिन्हींपैकी कोठे झाली, ते पडद्यावरच्या गोंधळावरूनच कळते.

२. चौकोन: आकार नाही, मजकूर शाबूत

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर काळजीचे फारसे कारण नाही. संकेतांक जागेवर आहेत आणि बरोबर वाचले गेले आहेत. फक्त त्यांचे आकार या संगणकावर सापडलेले नाहीत. ‘फॉन्ट टाका’ हा सल्ला या बिघाडाला नेमका लागू पडतो.

विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय प्रथम विंडोज २००० मध्ये आली आणि तिच्याबरोबर मंगल हा फॉन्ट आला. तो घडवला र. कृ. जोशी यांनी. ते मराठीतले कवी, सुलेखनकार आणि मुंबईच्या आयआयटीतले अध्यापक होते. कित्येक वर्षे भारतातल्या लाखो पडद्यांवर मराठी आणि हिंदी याच अक्षरांत वाचली गेली, तरी ती घडवणाऱ्याचे नाव फार थोड्यांना माहीत आहे. विंडोज ८ पासून निर्मला यूआय हा फॉन्ट सोबत येतो आणि देवनागरीचा मुख्य भार तोच उचलतो. त्यामुळे आजच्या विंडोजवर युनिकोड मराठी मजकुराचे चौकोन सहसा होत नाहीत.

विंडोज १० आणि ११ मध्ये मात्र मंगल, कोकिला, अपराजिता आणि उत्साह हे फॉन्ट आपोआप बसलेले असतीलच असे नाही. मंगलमध्ये तयार केलेला अर्ज अशा संगणकावर उघडला तर तो निर्मलामध्ये दिसतो. अक्षरे वाचता येतात, पण त्यांची रुंदी वेगळी असल्याने ओळी सरकतात आणि एका पानाचा अर्ज दुसऱ्या पानावर जातो. यावर उपाय सोपा आहे. सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ शोधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ घ्यावेत. भाषांच्या यादीत मराठी जोडली तरी हे फॉन्ट येतात.

विंडोज एक्सपीचे जुने संगणक अजून कोठे चालू असतील तर तेथे ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये गुंतागुंतीच्या लिप्यांचा पर्याय हाताने निवडावा लागतो आणि बहुधा मूळ सीडीही लागते. लिनक्सवर नोटो किंवा लोहित मालिकेतला देवनागरी फॉन्ट बसवला की पुरते.

३. प्रश्नचिन्हे: येथे मजकूर गेलेला असतो

चौकोन आणि प्रश्नचिन्ह यांत लोक सहज गल्लत करतात, पण दोन्हींत मोठा फरक आहे. ‘शिरड शहापूर’च्या जागी चार आणि सहा अशी प्रश्नचिन्हे दिसत असतील तर ते आकार नसल्याचे लक्षण नाही. त्या जागी आता खरोखरच प्रश्नचिन्हाचा संकेतांक साठलेला आहे. कोणताही फॉन्ट बसवून मूळ अक्षरे परत येणार नाहीत.

युनिकोडपूर्वीच्या प्रोग्रामांकडे २५६ जागांचे छोटे तक्ते असत. अरबी, रशियन किंवा ग्रीक लिपीसाठी विंडोजमध्ये असे तक्ते होते. मराठी, हिंदीसाठी मात्र या प्रकारचा तक्ता विंडोजने कधी वापरात आणलाच नाही. देवनागरी आली ती थेट युनिकोडमधून. त्यामुळे जुन्या पद्धतीचा प्रोग्राम जेव्हा मराठी मजकूर आपल्या छोट्या तक्त्यात कोंबायला जातो, तेव्हा एकाही अक्षराला जागा मिळत नाही आणि प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह टाकले जाते.

ही हानी सर्वांत जास्त होते ती एक्सेलमधून. लाभार्थ्यांची किंवा विद्यार्थ्यांची यादी सीएसव्ही स्वरूपात सेव्ह करताना नुसते ‘सीएसव्ही’ निवडले की मराठी नावे प्रश्नचिन्हे होतात. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा वेगळा पर्याय निवडला की ती टिकतात. जुन्या नोटपॅडमध्येही हीच अडचण होती. तेथे फाइल सेव्ह करताना खालच्या ‘एन्कोडिंग’ चौकटीत ‘एएनएसआय’ हा पर्याय आधीच निवडलेला असे. २०१९ च्या विंडोज १० पासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ ही युनिकोड साठवण्याची पद्धत वापरते.

प्रश्नचिन्हे दिसली की फाइल सेव्ह न करता बंद करावी आणि मूळ फाइल कोणाकडे आहे ते शोधावे. याला दुसरा मार्ग नाही.

४. टोपी घातलेल्या रोमन अक्षरांची रांग

कधी कधी मराठीच्या जागी रोमन लिपीतला डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान ‘ए’, त्याच्या शेजारी चार बारीक पाय फुटलेले गोल चिन्ह आणि मग तिसरी कोणतीतरी खूण, असा तीन-तीनचा साचा पुन्हा पुन्हा दिसतो. हा साचा एकदा ओळखीचा झाला की दुरूनही कळतो.

युनिकोडचे संकेतांक फाइलमध्ये साठवण्याची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे यूटीएफ-८. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत मावते. बाइट म्हणजे साठवणीचा एक लहान कप्पा. ‘शिरड शहापूर’मध्ये देवनागरीची दहा चिन्हे आणि एक मोकळी जागा आहे. मोकळ्या जागेला एकच बाइट लागतो, म्हणजे एकूण ३१ बाइट. हे बाइट कोणी पश्चिम युरोपीय भाषांच्या छोट्या तक्त्याने वाचले तर त्याला प्रत्येक बाइट म्हणजे एक स्वतंत्र खूण वाटते. मग ‘शिरड’ची चार चिन्हे बारा खुणा होऊन दिसतात. देवनागरीच्या सर्व संकेतांकांचा पहिला बाइट सारखाच असतो, म्हणून तो टोपीवाला ‘ए’ दर तिसऱ्या जागी हजर असतो.

येथे बाइट शाबूत आहेत, फक्त तक्ता चुकला आहे. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइलवर दोनदा क्लिक करून ती उघडली तर हा गोंधळ होऊ शकतो. तसे न करता रिकामी वही उघडावी, ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडावे आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ ठरवावे. नावे लगेच मराठीत दिसतात. जुने संकेतस्थळ असे दिसत असेल तर फायरफॉक्समध्ये ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ हा पर्याय आहे.

एक चूक मात्र टाळावी. पडद्यावरच्या या खुणा कॉपी करून दुसरीकडे चिकटवू नयेत. त्या छोट्या तक्त्यातल्या काही जागा रिकाम्या आहेत, आणि अक्षराचा पाय मोडणाऱ्या चिन्हाचा तिसरा बाइट नेमका अशाच एका रिकाम्या जागी पडतो. कॉपी करताना तो पुष्कळदा गळतो. मग मजकूर परत मराठीत आणला तरी ‘मल्लिनाथ’मधले जोडाक्षर सापडत नाही. दुरुस्ती मूळ फाइलवरूनच करावी.

५. इंग्रजी अक्षरांचा मजकूर: जुने मराठी फॉन्ट

महाराष्ट्रात सर्वांत जास्त वेळ खाणारा बिघाड हाच आहे, आणि त्याला इतिहास आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. तेव्हा सर्वत्र वापरात असलेल्या विंडोज ९८ मध्ये देवनागरीची अंगभूत सोय नव्हती. पण कार्यालये, वृत्तपत्रे, छापखाने मराठीशिवाय थांबू शकत नव्हते. त्यांनी वाट काढली ती पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएममधून, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीतून आणि आकृती, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांतून. या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागाच मराठीला दिल्या. संगणकाला वाटे की तो इंग्रजी साठवतो आहे, फॉन्ट मात्र त्या जागी मराठी आकार काढी.

समजा, एखाद्या स्वयंपाकघरात चहापत्तीच्या डब्यात हळद आणि साखरेच्या डब्यात मीठ ठेवलेले असते, चिठ्ठ्या मात्र जुन्याच असतात. घरच्या बाईला सगळे पाठ असल्याने तिचे कधी अडत नाही. ती गावाला गेली आणि दुसरे कोणी चुलीपाशी उभे राहिले की चिठ्ठ्या वाचून केलेल्या चहाचे काय होईल ते सांगायला नको. जुना फॉन्ट म्हणजे तो ठावठिकाणा जाणणारे माणूस. तो संगणकावर असेपर्यंत मजकूर मराठी असतो. तो नसला की चिठ्ठ्या, म्हणजे रोमन अक्षरे, जशीच्या तशी समोर येतात.

कृतिदेवमध्ये ‘शिरड’ लिहिले तर फाइलमध्ये प्रत्यक्षात साठते ते असे: लहान एफ, एकेरी अवतरणचिन्ह, लहान के, लहान जे आणि मोठा एम. त्यांतला एफ म्हणजे पहिली वेलांटी, अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा ‘श’, के म्हणजे त्याचा उभा दांडा, जे म्हणजे र आणि एम म्हणजे ड. येथे वेलांटी ‘श’च्या आधी साठली आहे, कारण टंकलेखन यंत्रावर तिची कळ आधी दाबत. युनिकोडचा क्रम याच्या बरोबर उलट आहे. शिवाय श्रीलिपीत किंवा आयएसएममध्ये हाच शब्द निराळ्या जागा घेतो. प्रत्येक घराचे डबे वेगळे.

फाइल कोणत्या जातीची आहे हे वर्डमध्ये क्षणात तपासता येते. अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबाव्यात. अक्षराच्या जागी त्याचा संकेतांक दिसतो. तो ०९ ने सुरू होत असेल तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. ०० ने सुरू होत असेल तर तो जुन्या फॉन्टमध्ये आहे. त्याच कळा पुन्हा दाबल्या की अक्षर परत येते.

तात्पुरता उपाय म्हणजे तो नेमका फॉन्ट मिळवून बसवणे. फाइल उघडल्यावर वर्डच्या फॉन्ट चौकटीत त्याचे नाव दिसते, फॉन्ट संगणकावर नसला तरीही. त्याच नावाचा फॉन्ट लागतो, जवळपासचा चालत नाही. परवान्याचा फॉन्ट असेल तर तो रीतसरच घ्यावा.

कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबणे धोक्याचे आहे. रूपांतरानंतर काही जागा हाताने तपासाव्याच लागतात. रफार जुन्या फॉन्टमध्ये अक्षरानंतर साठतो आणि युनिकोडमध्ये आधी. मध्ये काना किंवा वेलांटी आली की ‘वर्षा’, ‘वर्षी’ असे शब्द चुकू शकतात. मजकुरात खरेच इंग्रजी शब्द, ईमेलचे पत्ते किंवा संकेतस्थळांची नावे असतील तर कन्व्हर्टर त्यांचीही मराठी करून टाकतो. आकड्यांची अदलाबदल झाली तर ते सर्वांत वाईट, कारण बिघडलेला शब्द डोळ्यांना लगेच खटकतो, बिघडलेला गट क्रमांक खटकत नाही.

ग्रामपंचायतीचे ठराव, शाळेची जुनी पत्रे, स्थानिक लेखकांची हस्तलिखिते, मंदिरांची माहितीपत्रके असा मोठा मजकूर अजून या जुन्या फॉन्टांत अडकलेला आहे. तो शोधता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही, आणि तो फॉन्ट जाणणारे शेवटचे यंत्र बंद पडले की ती अक्षरे कशाची होती हे सांगणारे काही उरणार नाही. अशा फाइली आताच युनिकोडमध्ये आणून ठेवणे आणि मूळ फाइलही फॉन्टसह जपणे, हे प्रत्येक कार्यालयाने अंगावर घ्यावे असे काम आहे.

६. सुटलेल्या वेलांट्या आणि ठिपक्यांचे वर्तुळ

‘मल्लिनाथ’ या शब्दात आठ संकेतांक आहेत: म, ल, पाय मोडणारे चिन्ह, ल, पहिली वेलांटी, न, काना, थ. वेलांटी पाचव्या स्थानी साठते, पण दिसताना ती संपूर्ण ‘ल्ल’च्या आधी जाऊन उभी राहते. ही उचलठेव झाली नाही तर पाय मोडलेला ‘ल’, त्याच्या पुढे पूर्ण ‘ल’ आणि त्याच्याही पुढे एकटी वेलांटी असे दिसते. अक्षरे सगळी आहेत, रचना झालेली नाही.

हा दोष फॉन्टचा कमी आणि प्रोग्रामचा जास्त असतो. छपाईच्या दुकानात तो वरचेवर दिसतो. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची. तिला युनिकोड देवनागरी येत नाही. म्हणूनच अनेक दुकानदारांनी अजून श्रीलिपी सोडलेली नाही, आणि त्यात त्यांचा हट्ट नसून अडचण आहे. इनडिझाइनला देवनागरीची रचना येते, पण परिच्छेदाच्या मेनूमधून ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर’ निवडावा लागतो. तो निवडला की तुटलेला मजकूर एकदम सरळ होतो.

वेलांटी किंवा उकार ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेला दिसला तर तेथे बहुतेक टाइप करतानाचीच चूक असते. अक्षराआधी मात्रा दिली गेली, एकाच अक्षरावर दोन मात्रा पडल्या, किंवा जुन्या सवयीने वेलांटीची कळ आधी दाबली गेली. चिन्ह पुसून योग्य क्रमाने पुन्हा लिहिले की वर्तुळ जाते.

७. मराठीची स्वतःची अक्षरे

हिंदीची सोय झाली की मराठीची आपोआप झाली, असे संगणक बनवणारे बरीच वर्षे समजत आले. लिपी एक असली तरी दोन्ही भाषांच्या गरजा पूर्ण सारख्या नाहीत, आणि मराठी वाचकाला ते नेमके चार जागी जाणवते.

‘शिरड शहापूर’मधला ‘श’ आणि ‘हिंगोली’तला ‘ल’ पाहावा. मराठी वळणाचा ‘श’ देठयुक्त आणि ‘ल’ पाकळीयुक्त. हिंदी वळणाचा ‘श’ गाठयुक्त आणि ‘ल’ दंडयुक्त. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठीची लिपी आणि वर्णमाला प्रमाणित केली आणि २०२२ मध्ये ती पुन्हा अद्ययावत केली. त्यात देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ हीच मराठीची रूपे आहेत. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही वळणांचा संकेतांक एकच, त्यामुळे पडद्यावर कोणते वळण उमटेल ते फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा मराठी असल्याचे सांगितले तरच मराठी रूप येते. लिब्रेऑफिसमध्ये ‘ऑप्शन्स’मधल्या भाषांच्या पानावर गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी मराठी निवडावी. संकेतस्थळ बनवणाऱ्याने पानाची भाषा हिंदी न ठेवता मराठी नोंदवावी. राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध करून दिलेला यशोमुद्रा हा युनिकोड फॉन्ट मराठी वळणाचाच आहे.

दुसरी गोष्ट ‘ऱ्य’ची. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे वेगळे शब्द आहेत. एकात गुरुजन, दुसऱ्यात स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरचा मजकूर लिहिताना या अर्ध्या ‘र’वाचून एक ओळही पुढे जात नाही. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दोन, साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह द्यायचे. दिसायला दोन्ही सारखे, पण साठवण वेगळी. त्यामुळे एका रीतीने लिहिलेले ‘शेतकऱ्यांची यादी’ दुसऱ्या रीतीने शोधले तर संगणक ‘सापडले नाही’ म्हणतो आणि यादी समोर असूनही शोधणारा गोंधळतो. एका कार्यालयाने एकच रीत ठरवावी. पहिली रीत अधिक टिकाऊ, कारण दुसरीतले अदृश्य चिन्ह कॉपी करताना हरवू शकते आणि मग ‘शेतकऱ्यांची’चे ‘शेतकर्यांची’ होते.

तिसरे अक्षर ‘ॲ’. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधीच्या फॉन्टांत ते नाही, म्हणून जुन्या संगणकावर ‘ॲप’ किंवा ‘ॲडमिशन’ या शब्दांत पहिल्या अक्षराच्या जागी चौकोन एकटाच उभा राहतो, बाकी शब्द ठीक दिसतो. काही लोक ‘अ’वर चंद्र देऊन वेळ मारून नेत. अशा जोडणीत काही प्रोग्राम चंद्राखाली ठिपक्यांचे वर्तुळ दाखवतात. नवा फॉन्ट बसवावा आणि खरा ‘ॲ’ लिहावा.

चौथी गोष्ट शब्दामधले एखादेच अक्षर जाड, बारीक किंवा वेगळ्या वळणाचे दिसण्याची. निवडलेल्या फॉन्टमध्ये ते अक्षर नसते, म्हणून संगणक ते दुसऱ्या फॉन्टमधून उसने आणतो. संपूर्ण मजकूर निवडून पूर्ण देवनागरी असलेला फॉन्ट द्यावा. वर्डमध्ये फॉन्टच्या खिडकीत रोमन मजकुरासाठी एक आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’साठी दुसरा, असे दोन कप्पे असतात. मराठीचा फॉन्ट आणि आकार दुसऱ्या कप्प्यात ठरतो. तेथे न बदलता फक्त पहिल्या कप्प्यात बदल केला तर मराठीवर काहीच परिणाम होत नाही.

८. पीडीएफ, छपाई आणि कापलेल्या मात्रा

फाइल दुसऱ्याकडे नुसती वाचण्यासाठी किंवा छापण्यासाठी जायची असेल तर ती पीडीएफ करून पाठवणे सर्वांत सुरक्षित. फॉन्टचे लागणारे आकार पीडीएफमध्येच साठवता येतात. ते साठले आहेत का हे ॲक्रोबॅट रीडरमध्ये ‘प्रॉपर्टीज’च्या ‘फॉन्ट्स’ पानावर दिसते. फॉन्टच्या नावापुढे ‘एम्बेडेड’ असे लिहिलेले असावे. वर्डची फाइलच पाठवायची असेल तर ‘ऑप्शन्स’मधल्या ‘सेव्ह’ पानावर फॉन्ट फाइलमध्ये साठवण्याचा पर्याय आहे. जुन्या फॉन्टमधली पीडीएफ दिसते छान, पण तिच्यातला मजकूर कॉपी केला की पुन्हा रोमन अक्षरेच हाती येतात. मराठी मजकूर हवा असेल तर मूळ फाइल मागून ती रूपांतरित करावी.

रफार, अनुस्वार वरून किंवा ‘पू’चा उकार खालून कापलेला दिसतो तेव्हा फॉन्टला काही झालेले नसते. देवनागरीला ओळीच्या वर आणि खाली रोमनपेक्षा जास्त जागा लागते, आणि वर्डमध्ये ओळींचे अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवले असेल तर ती मिळत नाही. ‘सिंगल’ किंवा ‘ॲट लीस्ट’ निवडावे. एक्सेलमध्ये ओळीची उंची ‘ऑटोफिट’ करावी.

अक्षरे पुसट किंवा धूसर दिसत असतील तर पडद्याचे रिझोल्यूशन शिफारस केलेल्या मापावर आहे का ते आधी पाहावे, मग विंडोजच्या शोधपेटीत ‘क्लिअरटाइप’ शोधून त्याचे चार-पाच नमुने निवडावेत. एवढ्याने बारीक मात्रा उठून दिसू लागतात.

९. फॉन्टच बिघडला असेल तर

वरचे सारे तपासूनही अक्षरे चुकत असतील, किंवा सगळ्याच प्रोग्राममध्ये एकदम बिघाड झाला असेल, तर संशय फॉन्टवर घ्यावा. एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्या बसलेल्या असणे हे नेहमीचे कारण आहे. इकडून तिकडून आणलेल्या फॉन्टांच्या मोठ्या संग्रहातून हे घडते. शेकडो फॉन्ट एकदम बसवण्यापेक्षा लागतील तेवढेच बसवावेत, तेही मूळ ठिकाणाहून घेऊन. जुनी आवृत्ती काढावी, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मग नवी बसवावी.

विंडोज फॉन्टांची माहिती एका राखीव साठ्यात ठेवते. हा साठा बिघडला की काढलेले फॉन्ट यादीत दिसत राहतात आणि बसवलेले दिसत नाहीत. ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘विंडोज फॉन्ट कॅशे सर्व्हिस’ थांबवून पुन्हा सुरू केली की बहुधा भागते. कंट्रोल पॅनेलच्या फॉन्ट विभागात ‘रीस्टोर डीफॉल्ट फॉन्ट सेटिंग्ज’ हे बटण आहे. त्याने फॉन्टच्या मूळ सेटिंग्ज परत येतात, पण बसवलेले फॉन्ट काढले जात नाहीत.

फक्त ब्राउझरमध्येच मराठी विचित्र दिसत असेल तर संगणकाचे फॉन्ट छेडू नयेत. फायरफॉक्सच्या फॉन्ट सेटिंग्जमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ उघडले की देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट निवडता येतो, आणि क्रोममध्ये ‘अपिअरन्स’खाली ‘कस्टमाइझ फॉन्ट्स’ मिळते. बदल केल्यावर ‘शिरड शहापूर’, ‘मल्लिनाथ’, ‘शेतकऱ्यांच्या’ आणि ‘ॲप’ हे चार शब्द लिहून पाहावेत. चारही नीट उमटले तर त्या संगणकावर मराठीची सोय पूर्ण झाली आहे.